खाडीच्या अलीकडे

सावंतवाडी, ८ जानेवारी १९५७

ती. सौ. आत्याबाई यांना सून प्रेमलताचा नमस्कार.

प्रतिभा, आईला हे पत्र वाचून दाखवशील तेव्हा माजघरात बसून दाखव. ओट्यावर नको.

आम्ही काल संध्याकाळी इथे पोचलो. मामाजींची तब्येत बरी आहे. घाटात त्यांना गरगरलं, लिंबू चोखलं तेव्हा थांबलं. मला काही झालं नाही. जीप वाटेत बंद पडत आली. नत्थूजी म्हणतात, लढाईतली गाडी आहे, शेजारी बॉम्ब पडल्याशिवाय हिला चालू व्हायची सवय नाही. मामाजी हसले नाही, म्हणून मीही हसले नाही.

आम्ही निघताना तुम्ही दारात आल्या नाही. स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "शोधायले नाही चालले तुमी दोघं, आग द्यायले चालले." मामाजींनी ऐकलं, मीही ऐकलं.

सावनेरच्या अलीकडे आता दुसरं राज्य लागतं, ते तुम्हाला माहीतच आहे. नत्थूजींनी गाडी हळू केली आणि विचारलं, "मालक, ते रेष कुठून जाते?" दोन्हीकडे पऱ्हाटीच होती, कापूस वेचून झालेली. मामाजी म्हणाले, "गाडी चालव." नागपूरला माझ्या मावशीकडे जेवलो. मावशी म्हणाली, आता तुम्ही परराज्यातले पाहुणे. ती थट्टेनं म्हणाली.

इकडे माती लाल आहे. रामाकोन्याच्या आपल्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराचं पाणी सोडायचं राहून गेलं, असं मामाजी दोनदा बोलले. गड्याला सांगून ठेवा. मामाजींनी पेटीत एक नवा पितळेचा तांब्या ठेवला आहे. कशाला, ते मी विचारलं नाही.

परवा किनाऱ्याकडे जातो.

तुमची सून
प्रेमलता


रेडी, १० जानेवारी १९५७

ती. सौ. आत्याबाई यांना नमस्कार.

आज समुद्र पाहिला. शिरोड्याच्या सुरूच्या बनातून गाडी वाळूवर आली आणि पुढे जमीनच नव्हती. नत्थूजींनी चपला काढल्या, देवळाच्या पायरीशी काढतात तशा, आणि हात जोडले. मामाजी म्हणाले, "पाणी आहे नत्थू, देव नाही." नत्थूजींनी तरी हात खाली केले नाही.

लोक म्हणतात, पहिल्यांदा समुद्र पाहिला की छाती भरून येते. माझी आली नाही. शाळेत मुलींना भूगोल शिकवताना मी फळ्यावर निळ्या खडूनं काढते, तसाच तो होता. फक्त हलत होता. प्रतिभाला सांगायला काहीतरी पाहिजे म्हणून मी बराच वेळ पाहत राहिले. लाट येते, मोडते, तिचं पाणी वाळूत जिरतं, तेवढ्यात दुसरी येते. एवढंच सांगता येईल.

दुपारी रेडीच्या डोंगरावर चढलो. तिथून जमिनीचं एक टोक दिसतं, समुद्रात घुसलेलं. टोकावर किल्ला आहे आणि किल्ल्यावर अजून पोर्तुगिजांचा झेंडा आहे. मामाजींनी काठीनं दाखवलं. "तो तेरेखोल. अन् ते खाडी. तिथून ते गेले."

आत्याबाई, मागच्या नाही, त्याच्या मागच्या श्रावणात हे नागपूरच्या तुकडीबरोबर गोव्याच्या सत्याग्रहाला निघाले, तेव्हा दशम्या तुम्ही केल्या आणि मी बांधल्या. तुम्ही म्हणाल्या, पंधरा दिवसांत येईल. लग्नाला आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत नवऱ्याला "जाऊ नका" म्हणायची सवय होत नाही. मग तार आली की गोळीबार झाला आणि यांचा पत्ता नाही. तुकडीतले लोक परत आले. ते म्हणाले, खाडीच्या काठापर्यंत बरोबर होता, मग कोणी कोणाला पाहिलं नाही. तुरुंगातून सुटलेल्यांत नाव नाही, मेलेल्यांतही नाही. वर्ष झालं तेव्हा मामाजींनी ठरवलं की पोरगा गेला. तुम्ही ठरवलं की आहे. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

डोंगरावर मामाजी एकटेच बोलत होते, त्या किल्ल्याकडे तोंड करून. सव्वीस जानेवारीला वाचनालयावर दगड बसेल, "हुतात्मा मुकुंद यशवंतराव कळंबे". पांढुर्ण्याहून लोक येतील. सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख मराठी राज्यात घ्या म्हणून ते सभा घेतात तेव्हा, मुकुंदचं नाव आलं की सभा उभी राहते, हे त्यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं. मला ते माहीत होतं. बायकांच्या बाजूला मीच बसलेली असते, पहिल्या सतरंजीवर.

"इथली मूठभर माती घरी नेऊ," ते म्हणाले, "जयवंताले म्हणावं, हे घे." त्यांनी तुमचं नाव असं घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

उद्या आरोंद्याला एका बाईंकडे जायचं आहे. तुकडी निघायच्या आधी त्यांच्याकडे जेवली होती म्हणतात.

तुमची सून
प्रेमलता


वेंगुर्ले, १२ जानेवारी १९५७

ती. सौ. आत्याबाई यांना नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत. काल आरोंद्याला जाऊन आलो. बाई म्हातारी आहे, तिला काही आठवत नाही. आज वेंगुर्ल्याचं बंदर पाहिलं. टेकडीवर दीपस्तंभ आहे, खाली मुंबईची बोट लागते. हवा चांगली आहे. मासे सगळीकडे आहेत, पण आपला वरणभात मिळतो.

परत फिरायचं होतं, पण मामाजींचं मन झालं की एवढ्या दूर आलोच आहोत तर किनाऱ्याकिनाऱ्यानं वर जावं आणि टोकं पाहत जावं. तेव्हा चार दिवस जास्त लागतील. काळजी करू नये.

मामाजी इथेच बसले आहेत. ते तुम्हाला आशीर्वाद सांगतात. आणखी लिहिण्यासारखं नाही.

तुमची सून
प्रेमलता


मालवण, १४ जानेवारी १९५७, संक्रांत

ती. सौ. आत्याबाई यांना नमस्कार.

वेंगुर्ल्याचं पत्र मामाजींनी वाचून मग पाकिटात घातलं. हे मी नत्थूजींच्या हाती टपालात टाकते आहे. मामाजी धक्क्यावर गेले आहेत.

आरोंद्याच्या बाईंना सगळं आठवतं. त्यांचं नाव सुंदराबाई. घर खाडीच्या काठालाच आहे, पडवीतून पलीकडचा गोव्याचा काठ दिसतो. मामाजींनी सांगितलं, आम्ही सौंसरचे, नागपूरकडचे. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमचो माणूस खाडी ओलांडूक नाय."

मामाजी म्हणाले, "कोण माणूस?"

"करून राहिलो, जाऊन राहिलो म्हणी तो. आमका हसू येय. सगळे होडयेत बसले, ह्यो बसलो आणि परत खाली उतारलो. होडी गेली, ह्यो काठार रवलो. मगे ताप इलो. आठ दिस माझ्या पडवीत होतो."

"दुसरा कोणी असन," मामाजी म्हणाले.

"नाव मुकुंद सांगितल्यान," सुंदराबाई म्हणाल्या. "बरो झालो तसो चलत गेलो. वर, वेंगुर्ल्याच्या वाटेन."

मी पडवीची जमीन पाहत होते. शेणानं सारवलेली होती, कोपऱ्यात नारळ रचले होते. तुम्ही तिथे असत्या तर तुम्ही रडल्या असत्या, किंवा त्या बाईंच्या पाया पडल्या असत्या. मी म्हणाले, पाणी मिळेल का? त्यांनी पाणी दिलं आणि गूळ दिला.

बाहेर येऊन मामाजी म्हणाले, "हे घरी लिहायचं नाही. म्हातारी आहे, तिचा भरोसा नाही." मग नत्थूजींना म्हणाले, गाडी वेंगुर्ल्याकडे घे. जिचा भरोसा नाही, तिच्या वाटेनं आम्ही चाललो.

तेव्हापासून असं चाललं आहे. रस्ता किनारा सोडून सड्यावर चढतो. सडा म्हणजे इकडचं उघडं काळपट माळरान, त्याच्यावर गवताशिवाय काही नाही. मग तो उतरून एखाद्या खाडीशी येऊन संपतो. तिथे दोन होड्या एकमेकींना बांधतात, वर फळ्या टाकतात आणि गाडी त्याच्यावर चढवतात. नत्थूजी स्टिअरिंग धरून डोळे मिटून बसतात. कर्लीच्या खाडीत त्यांना उलटी झाली. पलीकडे उतरलं की पुन्हा सडा, पुन्हा एक टोक. निवतीच्या टोकाला आम्ही पायी गेलो. खाली खडकावर पाणी आदळतं तेव्हा पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते. फार सुंदर जागा आहे, असं आमच्याबरोबर आलेला कोळी म्हणाला. असावी.

प्रत्येक गावात मामाजी विचारतात. पण मुलगा म्हणून विचारत नाही. "आमच्या दुकानचा मुनीम आहे, निघून आला," असं सांगतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आज ज्यांच्याकडे उतरलो आहोत, त्यांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मला बसवलं, ओटी भरली, तिळगूळ दिला. मग सगळ्या म्हणाल्या, नाव घ्या. मी म्हणाले, आमच्याकडे घेत नाहीत. दीड वर्षात मला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, हे तिथे बसल्यावर लक्षात आलं. सौंसरला माझ्या कपाळावर कुंकू आहे, ते तुम्ही पुसू दिलं नाही म्हणून. पण बोलवत कोणी नाही.

नत्थूजी येऊन सांगताहेत की धक्क्यावर एका खलाशाला माहीत आहे. आपल्यासारखं बोलणारा एक माणूस देवगडला आहे, आंब्याच्या व्यापाऱ्याकडे पेट्या ठोकतो. मामाजी गाडीत जाऊन बसले आहेत.

प्रेमलता


देवगड, १६ जानेवारी १९५७

ती. सौ. आत्याबाई यांना नमस्कार. देवगडला पोचलो. सुखरूप. पत्र मागाहून.
प्रेमलता


मिरज स्टेशन, १९ जानेवारी १९५७

आत्याबाई,

प्रतिभा, हे ओट्यावर बसून वाच. मोठ्यानं वाच. कोणी ऐकत असेल तर ऐकू दे.

मुकुंद जिवंत आहे. मी पाहिला, नत्थूजींनी पाहिला, मामाजींनी पाहिला. मामाजींची तार तुम्हाला आधी मिळाली असेल, की आरोंद्याला खात्री झाली, मुकुंद गेला. ती तार खोटी आहे. घरी बायका रडायला आल्या असतील, त्यांना परत पाठवा. तार मीही करणार होते. पण तारेत चार शब्द मावतात, आणि मामाजींच्या चार शब्दांपुढे माझे चार शब्द कोण मानेल? म्हणून सगळं लिहिते. नाव घेऊनच लिहिते, नाहीतर कोणाबद्दल बोलते ते कळणार नाही.

देवगड हे सगळ्यात लांबचं टोक. तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, वर मोडका किल्ला आणि दीपस्तंभ. किल्ल्याच्या वाटेवर एका व्यापाऱ्याचा मांडव आहे. आंबा अजून मोहरात आहे, पण पेट्या आतापासून करून ठेवतात. मुकुंद जमिनीवर बसून पेटी ठोकत होता, तोंडात खिळे धरून. आपल्या पांढुर्ण्याच्या गोदामात संत्र्यासाठी बसायचा तसाच, एक पाय मुडपून. काळा झाला आहे. दाढी आहे. त्यानं वर पाहिलं. मग तोंडातले खिळे काढून डब्यात ठेवले आणि उभा राहिला.

कोणी हाक मारली नाही. मामाजी म्हणाले, "जिता आहेस?"

"हाव, बाबा."

"खाडी ओलांडली नाही तू."

"नाही." मग तो भरभर बोलला, जसं कोणाला तरी सांगायचं म्हणून पाठ करून ठेवलं होतं. "होडीत बसलो होतो, बाबा. बसलो होतो मी. सगळे घोषणा देऊन राहिले होते. पलीकडून बंदुकीचा आवाज आला. माहा पाय होडीत होता, मंग नव्हता. होडी गेली. आपन एकटे काठावर."

"मंग घरी काहून नाही आला?"

"बरा झाल्यावर वेंगुर्ल्याले आलो. बोटीनं मुंबई, तिथून गाडी, असं ठरवलं होतं. तिथं पेपर पाहिला. बेपत्ता म्हणून नाव होतं. खाली लिहिलं होतं, सौंसरले सभा झाली, दुकानं बंद राहिली." मग म्हणाला, "बाबा, माह्यासाठी सौंसरची दुकानं बंद राहिली."

मामाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी शपथेवर सांगते, ठेवला. म्हणाले, "चल. गाडीत बस." मुकुंद आत गेला, हात धुतले, एक बोचकं घेऊन आला. व्यापाऱ्याच्या माणसाला म्हणाला, घरचे आले, चाललो. नत्थूजींनी पुढे होऊन बोचकं घेतलं. नत्थूजी रडत होते आणि गाडीचं दार त्यांना उघडता येत नव्हतं. त्या वेळी, आत्याबाई, तुमचा मुलगा घरी येत होता.

मामाजी म्हणाले, "थांब जरा." ते किल्ल्याच्या कड्यापर्यंत चालत गेले आणि समुद्राकडे तोंड करून बसले. आम्ही गाडीशी उभे राहिलो. ते बराच वेळ बसले. वारा फार होता, त्यांच्या धोतराचा सोगा फडफडत होता. परत आले तेव्हा त्यांचा आवाज सभेतला होता.

"लोकायले काय सांगू मी? ज्यायनं तुह्या नावानं मिरवणूक काढली, त्यायले काय सांगू? आपल्या मुलखाचं काम तुह्या नावावर चाललं आहे. तू आला तर ते सगळं हसण्यावारी जाईन. इथंच राहा. तू खाडीवर गेला तो गेलाच, तसंच राहू दे."

मुकुंद म्हणाला, "बरं."

एवढंच म्हणाला. मग नत्थूजींच्या हातातून बोचकं घेतलं.

मामाजी गाडीत जाऊन बसले. मी मुकुंदबरोबर मांडवापर्यंत गेले. मला वाटत होतं, हा माणूस दिसला की माझ्यात काहीतरी होईल. राग येईल, किंवा पाय लटपटतील. सबंध किनारा मी त्याची वाट पाहत आले. झालं काही नाही. तो मला ओळखीचा वाटला, एवढंच. आपल्याच वर्गात शिकून गेलेल्या कोणासारखा.

मी विचारलं, "बरं काहून म्हणाले तुम्ही?"

"बाबा चुकीचं नाही बोलून राहिले."

"मी बाबांचं नाही विचारलं."

तो माझ्या कपाळाकडे पाहत होता. "कुंकू लावते तू अजून?"

"हाव."

"कोणासाठी?"

मी खरं सांगितलं. "आत्याबाईंसाठी."

त्यानं मान हलवली, जशी एखादी गोष्ट पटली म्हणून हलवतात. मग म्हणाला, "आईचा गुडघा कसा आहे? जिन्यावरून पडली होती तो?" मी म्हणाले, थंडीत दुखतो. तो म्हणाला, "तिले म्हणावं, रुईचं पान गरम करून बांध." आणि रडायला लागला. पेट्यांच्या आड जाऊन रडला. मी उभी राहिले. जवळ जायला पाहिजे होतं की नाही, मला समजलं नाही. समजेपर्यंत तो डोळे पुसून बाहेर आला होता. माझ्याबद्दल त्यानं आणखी काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी गाडी कुणकेश्वराला घ्यायला लावली. तिथे समुद्रालगत शंकराचं देऊळ आहे, भरतीचं पाणी पायऱ्यांपर्यंत येतं. तिथल्या भटजींना बोलावलं आणि पेटीतून तो तांब्या काढला. तीळ, दर्भ घरूनच आणले होते. तेव्हा मला तुमचं बोलणं आठवलं, की आग द्यायला चालले. तुम्हाला कसं कळलं होतं, आत्याबाई?

भटजींनी विचारलं, मृताचं नाव? मामाजी म्हणाले, मुकुंद. नत्थूजी मागे उभे होते. ते पुढे आले आणि मामाजींचं मनगट धरलं. आजवर त्यांनी मालकांचा शब्द कधी मोडला नाही. "जित्या माणसाचं पाणी सोडता, मालक? म्या त्याले खांद्यावर घेऊन पोळ्याले नेलं आहे. नका करू."

मामाजींनी हात सोडवून घेतला आणि पाणी सोडलं. त्यांच्या हातातले तीळ सगळे वाळूवर सांडले. रडत होते. खोटं रडत नव्हते, तेही तुम्हाला सांगते, कारण ते घरी आल्यावर तुम्ही त्यांना पुष्कळ बोलाल आणि ते तुम्हाला हे सांगणार नाहीत. पोरगा जिवंत असून त्यांचा मेला, आणि मारणारे तेच. भटजींना काही कळलं नाही. त्यांनी मला पुढे बोलावलं, मी गेले नाही. गाडीत जाऊन बसले.

संध्याकाळी घाट चढताना मामाजी म्हणाले, "नागपूर यायच्या आधी कुंकू उतरव. बांगड्याही. लोकांपुढे तमाशा नको."

मी म्हणाले, "नाही."

मोठ्यानं म्हणाले नाही, पण नत्थूजींनी गाडी हळू केली.

मामाजी म्हणाले, "तुही गोष्ट काय बदलणार आहे? दीड वर्ष झालं, तशीच तर राहून राहिली तू."

खरं आहे ते. बदलणार काही नव्हतं. मी सधवा आहे म्हणून मला काही मिळालेलं नाही, आणि विधवा झाले तर जाण्यासारखंही काही नाही. तरी मी पुन्हा नाही म्हणाले. का, ते मला नीट सांगता येत नाही. एवढंच कळत होतं की त्यांच्यासाठी सभेत पहिल्या सतरंजीवर बसले, तुमच्यासाठी कुंकू लावलं, आणि आता कोणी तिसरं काही करायला सांगितलं तर मला ते करता येणार नाही. मी म्हणाले, "मी आत्याबाईंना लिहीन." ते म्हणाले, "लिही. ती वेडीच आहे, सगळे जाणतात. कोण ऐकते तिचं?" कोल्हापूरला त्यांनी तार केली. मी म्हणाले, मी इथून गाडीनं जाते. त्यांनी थांबवलं नाही. नत्थूजींनी माझी पेटी डब्यात ठेवली आणि म्हणाले, "बाईसाहेब, कोणी विचारलं तर मी खरं सांगीन." त्यांना विचारा. ओट्यावर बोलावून, चार लोकांत विचारा.

दगडाचं काय करायचं ते तुम्ही आणि मामाजी पाहा. मुकुंदला परत आणायचं की नाही, त्याचंही मी सांगू शकत नाही. तुम्ही आणलं तर लोक हसतील, आणि तो ते सोसण्यासारखा माणूस नाही, असं मला वाटतं. पण तुम्ही त्याच्या आई आहात आणि मी त्याला फक्त आठ महिने ओळखत होते. तुम्ही इतके दिवस एकट्या म्हणत होत्या की तो आहे, आणि आम्ही सगळे तुमच्याकडे कसे पाहत होतो, ते तुम्हाला माहीत आहे. मीही तसंच पाहत होते. तुमचं बरोबर होतं.

मी पुण्याला माझ्या मामेबहिणीकडे उतरते आहे. तिच्या ओळखीनं ट्रेनिंग कॉलेजात चौकशी करायची आहे. जूनपासून जागा मिळाली तर मी जाणार. शाळेत अजून कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगते.

त्याआधी चोवीस तारखेला पांढुर्ण्याला उतरते. मामाजींची जीप मिळणार नाही, तेव्हा सौंसरला सर्व्हिस मोटारीनं येईन. तुम्हाला देवगडला जायचं असेल तर तयारी करून ठेवा. रस्ता मला आता माहीत आहे. कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढे मोटार, आणि शेवटी थोडं बैलगाडीनं. गुडघ्यासाठी जाड पट्टी घ्या, सडा चढायचा आहे. मी तुम्हाला त्याच्या मांडवाच्या दारापर्यंत पोचवीन. आत येणार नाही. तुमचं बोलणं होईपर्यंत बाहेर दीपस्तंभाकडे थांबीन, आणि तुम्ही राहते म्हणाल्या तर एकटी परत येईन.

प्रेमलता